आईच्या पित्ताशयाच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, दुसरं ऑपरेशन करावं का?

आईचं वय ६३. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखायचं, ती ओवा चावून दिवस काढायची. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून १९ दिवसांपूर्वी तालुक्याला दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. काढलेली पिशवी फॉर्मॅलिनच्या डबीत घालून आमच्या हातात दिली, "हवं तर तपासून घ्या" म्हणाले. हवं तर! ती डबी दोन दिवस आमच्या फडताळात होती. बहिणीने हट्ट धरला म्हणून लॅबला गेली.

काल रिपोर्ट आला. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, टी१बी. म्हणजे स्नायूच्या थरापर्यंत पोचलाय, पलीकडे नाही. पित्ताशयाच्या नळीचं कापलेलं टोक स्वच्छ आहे, तिथे कॅन्सर नाही. पण लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) एकही काढलेली नाही.

आमचे सर्जन म्हणतात, पिशवीबरोबर सगळं निघून गेलं, आता तीन महिन्यांनी सोनोग्राफी करू. दुसरे डॉक्टर म्हणतात, टी१ए, म्हणजे आतल्या अस्तरापुरता असता तर तेवढं पुरलं असतं; टी१बीला लिव्हरचा लगतचा भाग आणि आसपासच्या ग्रंथी काढायला हव्यात. मला दुसरं पटतंय. पण आईला शुगर आहे, टाके नुकते सुकलेत. तिला अजून "रिपोर्ट यायचाय" असंच सांगितलंय. किती दिवसांत ठरवायला हवं? परळला टाटाला जाताना काय न्यावं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: ताई, माझ्या सासूबाईंचंही असंच खड्यांच्या ऑपरेशननंतर कळलं. नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्लाइड्स आणि नमुना ज्यात बसवलेला असतो ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या. टाटात ते पुन्हा वाचतात. टी१ए की टी१बी यावर तुमचा सगळा निर्णय आहे, आणि कधी कधी जास्त काप घेतल्यावर टी२, म्हणजे स्नायूच्या पलीकडे गेलेलाही निघतो. म्हणून लॅबला आधी फोन करा, उरलेला नमुना टाकू नका म्हणावं. ऑपरेशन नोट लेखी घ्या. पिशवी फाटून पित्त सांडलं होतं का, हे तिथे विचारतातच. मग सीटी किंवा पेट स्कॅन करतील, कुठे पसरलेला नाही ना ते बघायला. आम्हाला पहिल्या ऑपरेशनपासून चार ते आठ आठवड्यांत दुसरं करा म्हणाले होते, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. शुगर आजपासून आटोक्यात आणा. आणि आईंना सांगा हो. सासूबाईंना आमच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

धागाकर्ती: लॅबला फोन झाला. डबी अजून त्यांच्याकडेच आहे, नमुना शिल्लक आहे. उद्या सकाळी आणायला जातेय. आईला आज रात्री सांगते.