मदत हवी आहे: भाची स्वतःचे केस उपटते

नमस्कार मंडळी. माझी भाची सातवीत आहे. अभ्यासाला बसली की तिचा हात नकळत डोक्यात जातो आणि एकेक केस बोटाला गुंडाळून ती उपटते. टाळूवर तळहाताएवढी जागा विरळ झालीये, मधे तुटके खुंट. आम्हाला आधी चाई वाटली, पण त्वचारोगतज्ज्ञांनी ट्रायकोटिलोमेनिया सांगितलं. हा मानसिक आजार आहे, ओसीडीच्या (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा, आवरता न येणारा आजार) जवळचा. म्हणजे पोर हट्टी नाही, हे आता घरात सगळ्यांना पटलंय. आजी मात्र अजून दृष्ट काढते, काढू देत.

खरी काळजी वेगळीच आहे. उपटलेल्या केसाचं मूळ ती दातांत धरते. गिळते का, विचारलं की गप्प. केस पचत नाहीत. जठरात साठून त्यांचा गोळा होतो, कधी त्याची शेपटी आतड्यात उतरते आणि मोठा गोळा बहुधा ऑपरेशन करूनच काढावा लागतो. हल्ली ती दोन घासांत पोट भरलं म्हणते, म्हणून जास्तच धास्ती वाटते.

पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. असा गोळा सोनोग्राफीत कळतो की एंडोस्कोपीच लागते? कुणाला अनुभव आहे का? आणि नाशिकमध्ये मुलांना हॅबिट रिव्हर्सल शिकवणारं कुणी माहीत आहे का? हात डोक्याकडे निघाला की ओळखायचं आणि मूठ आवळून धरायची, ती पद्धत. शाळेत बाईंना कितपत सांगावं, तेही सुचवा. इथे लिहायला संकोच वाटला तर मेसेज करा.