मदत हवी: स्कोअर निघत नाहीये, अर्जंट!!

केळीचं_पान:
एमपीटीचा (फिजिओथेरपीतली मास्टर्स) थिसिस आहे. फॉर्म भरून झालेत, एक्सेलमध्ये टाकलेत, पण बऱ्याच जणींचा स्कोअर निघतच नाही. गाईड म्हणतात, "तूच बघ." रिकाम्या रकान्यात शून्य टाकलं तर चालेल का? सोमवारी दाखवायचंय. प्लीज लवकर सांगा.

तापीकाठ:
कसला फॉर्म, कसला स्कोअर? गुडघा, कंबर, मनगट? आम्ही काय ज्योतिषी आहोत का ताई?

केळीचं_पान:
डॅश हो, हात-खांद्याने कामं किती जमतात ते विचारणारा फॉर्म. हाताचा म्हटल्यावर दुसरं काय असणार!

ऑर्थो_धुळेकर:
हाताचा आहे हे आत्ता कळलं. शून्य अजिबात टाकू नकोस. डॅशमध्ये प्रत्येक प्रश्नाचं उत्तर १ ते ५ मध्येच असतं. आलेल्या उत्तरांची सरासरी काढायची, त्यातून १ वजा करायचा आणि २५ ने गुणायचं. स्कोअर जितका कमी तितका हात बरा, म्हणून शून्य घातलंस की जिचा हात डोक्यापर्यंत जात नाही तीही बरी दिसायला लागेल. आणि ३० पैकी किमान २७ उत्तरं नसतील तर स्कोअर धरतच नाहीत. कुठले प्रश्न रिकामे आहेत? या बायका कोण?

केळीचं_पान:
कापूस वेचणाऱ्या, चोपडा-यावलकडच्या. रिकामे १७, १८, १९ आणि २१. जवळपास सगळीकडे हेच चार.

भुसावळ_जंक्शन:
म्हणजे २६ उत्तरं. एका प्रश्नाने अडलंय. पण हेच चार का?

केळीचं_पान:
१७ मध्ये पत्ते आणि विणकाम, १८ मध्ये गोल्फ-टेनिस, १९ मध्ये फ्रिस्बी. एक आजी म्हणाल्या, "बाई, हे आम्ही टीव्हीत बी नाही पाह्यलं." आणि २१ वा नवरा-बायकोच्या संबंधांचा. फॉर्म भरायला माझा ज्युनिअर मुलगा, शेजारी सासू बसलेली. आता सांगा, कोण उत्तर देईल?

भुसावळ_जंक्शन:
१८ मध्ये हातोडी मारणंही आहे आणि १९ मध्ये बॅडमिंटन. तेवढं तरी वाचून दाखवलं का? शिवाय फॉर्मच्या वरच लिहिलंय की मागच्या आठवड्यात ते काम केलं नसेल तर अंदाजाने उत्तर द्या. हे बायांना कोणी सांगितलं का?

खानदेशी_नाना:
डॅश सोडा. पीआरडब्ल्यूई घ्या, मनगटाचा फॉर्म. १५ प्रश्न, ० ते १०० स्कोअर, पाच-दहा मिनिटांत बाई मोकळी. मनगटाच्या फ्रॅक्चरला मी कायम तोच लावतो.

ऑर्थो_धुळेकर:
नाना, तुम्हाला सगळीकडे मनगटच दिसतं. कापसाची झोळी गळ्यात-खांद्यावर अडकवून बाई दिवसभर वाकलेली असते, मान आणि खांदा आधी धरतो. आणि डेटा गोळा झाल्यावर फॉर्म बदलायचा म्हणजे वेचलेला कापूस परत बोंडात घालायचा.

खानदेशी_नाना:
मग निदान ग्रिप, म्हणजे मुठीची ताकद, तरी मोजायची. जामर (ती मोजायचं यंत्र) घ्या, कोपर काटकोनात, तीन वेळा दाबायला लावा, सरासरी घ्या. आकडा खोटं बोलत नाही.

तापीकाठ:
सोमवारपर्यंत चोपड्याला जाऊन ग्रिप मोजून येईल का ती?

रावेरचा_दगडू:
एवढे कागद कशाला रंगवता? आमच्या गावचा हाडवैद्य हात लावूनच सांगतो. बांबूच्या पट्ट्या, वर लेप, बास.

ऑर्थो_धुळेकर:
पट्ट्या आवळून बांधल्या की आत सूज वाढते, रक्त पोचत नाही आणि स्नायू मरतात. मग बोटं आखडलेली राहतात ती कायमची. फोल्कमन नावाच्या जर्मन डॉक्टरने हे १८८१ सालीच लिहून ठेवलंय. पट्टी किंवा प्लास्टर बांधल्यावर दुखणं वाढतच गेलं, बोटं सरळ करताना कळ आली, मुंग्या आल्या, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

रावेरचा_दगडू:
तुमचं बिल बघूनही बोटं आखडतात.

भरीत_पार्टी:
मना खांदा बी दुखस भो. हात वर जात नही, रातले झोप येत नही. काय करू?

भुसावळ_जंक्शन:
(मूळ प्रश्नाकडे येतो.) पान ताई, क्विकडॅश बघ, डॅशचाच छोटा फॉर्म. त्यातले ११ प्रश्न याच ३० मधले आहेत, आणि तुझ्या रिकाम्या चारांपैकी त्यात फक्त १८ वा येतो. ११ पैकी एक रिकामा चालतो. म्हणजे बहुतेकींचा स्कोअर हाती असलेल्या फॉर्मवरूनच निघेल. पूर्ण डॅशमधून काढलाय हे थिसिसमध्ये स्पष्ट लिही आणि दोन्ही स्कोअर एकाच तक्त्यात मिसळू नकोस. सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आधी दिलेल्या आराखड्यात) डॅश लिहिलं असेल तर आधी गाईडशी बोल, एथिक्स कमिटीलाही कळवावं लागेल. आणि गोल्फच्या जागी स्वतःच्या मनाने कुऱ्हाड चालवण्याचा प्रश्न घालू नकोस. तसा बदल करायचा तर परवानगी, उलट भाषांतर (मराठीचं परत इंग्रजी करून ताडणं), चाचणी हे सगळं आलं.

केळीचं_पान:
कुऱ्हाड घालणारच होते 🙈 आत्ता करून बघितलं, निघतोय! फक्त दोघींचा "पाठ धुणे" पण रिकामा आहे. त्यांचं काय?

ऑर्थो_धुळेकर:
त्यांचे नऊ झाले, त्या वगळ. किती वगळल्या आणि का, ते लिही. परीक्षक आधी तेच विचारतो.

भरीत_पार्टी:
मना खांदानं कोनी सांगतस का नही?

ऑर्थो_धुळेकर:
शुगर आहे का? शुगरवाल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं.

भरीत_पार्टी:
शे ना. पन गोळी बंद करी टाकी.

ऑर्थो_धुळेकर:
अरे भाऊ! आधी शुगर तपासून डॉक्टरांना भेट, खांद्याचं त्यांनाच दाखव. इथे धागा पान ताईचा आहे.