शब्दचर्चा: काऊबॉयला 'गुराखी' म्हणायचं का?

टिपणवही: एका दिवाळी अंकासाठी अनुवाद करतेय. अमेरिकेतला एक लोकसंगीताचा संच (फिडल, बँजो, गिटार) नेवाडातल्या एल्को गावी काऊबॉय कवितेच्या मेळाव्यात वाजवायला गेला, त्याचे अनुभव आहेत. मी सगळीकडे 'काऊबॉय' ठेवलं होतं, संपादकांनी सरसकट 'गुराखी' केलं. आता वाक्य असं झालंय: 'पहिल्या रांगेत साठीचे गुराखी रेशमी रुमाल बांधून बसलेले पाहून आमचे हातपाय गळाले.' वाचणारा हसणार नाही का?

मराठीबाणा: हसू दे. गुरं राखतो तो गुराखी. गोकुळातल्यांना आपण काऊबॉय म्हणतो का?

माळरान: आमच्या आटपाडीकडे गुराखी म्हणजे सकाळी गावची जनावरं सोडून नेणारं आणि दिवेलागणीला दावणीला आणणारं पोरगं. शेकडो गुरं घोड्यावरून हाकणारा गडी तो नव्हे. 'खिल्लारी' म्हणा. खिल्लार म्हणजे मुळात कळप. बैलांच्या जातीला ते नाव नंतर चिकटलं असणार.

ऑरेंजसिटी: आता कोणी 'गोवारी' सुचवायच्या आत सांगून ठेवतो. आमच्याकडे ती जमात आहे, आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपुरात मोर्चाच्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी गेले. तो शब्द असा सहज उचलू नका.
बाकी 'गुराखी' हलका वाटत असेल तर मूळ शब्दातही 'पोरगा' बसलेलाच आहे की.

मीठागर: सॉल्ट लेकला राहते, एल्को इथून गाडीने साडेतीन-चार तास. दोनदा जाऊन आलेय. १९८५ साली सुरू झालं, जानेवारीच्या शेवटी भरतं, कारण तेव्हा रँचवर त्यातल्या त्यात सवड. मरणाची थंडी असते. आणि तिथले लोक स्वतःला 'बकारू' म्हणवतात, स्पॅनिश 'वाकेरो'वरून. वाका म्हणजे गाय. टेक्सासवाल्यांशी त्यांचं जमतंच असं नाही.

टिपणवही: अगदी तेच पुढे आलंय! यांनी टेक्सासचं एक गाणं म्हटलं. त्यात घोडेस्वार दोराचं टोक जिनाच्या खुंट्याला पक्कं बांधून बैल पकडतो. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारा येऊन म्हणाला, 'चाल चांगली होती. पण इकडे दोर बांधत नाहीत.' नेवाडात खुंट्याला नुसते वेढे देतात, म्हणजे बैलाने हिसका दिला की ढील सोडता येते. त्याला ते 'डॅली' म्हणतात. याला काय लिहू?

माळरान: आंटे देणे. संपलं.

मराठीबाणा: 'वेष्टन' का नको?

माळरान: वेष्टन बिस्किटाच्या पुड्याला असतं हो.

मीठागर: 'डॅली' पण स्पॅनिशच, 'दार ला वुएल्ता', वेढा देणे. बोटं सांभाळावी लागतात, दोर आणि खुंट्यामध्ये अंगठा सापडला तर गेलाच. असे तुटके अंगठेवाले मी तिथे पाहिलेत.

ऑरेंजसिटी: मग दोराला काय म्हणणार? कासरा, दावं, चऱ्हाट, नाडा, सोल... लॅसो, म्हणजे जनावरावर फेकायचा फासाचा दोर, यातला कुठलाच नाही.

रहाटगाडगं: त्यांचा चामड्याचा दोर म्हणजे 'रिआटा'. मला दाट संशय आहे, हा आपला 'रहाट'. अरबांकडून स्पेनला गेला असणार.

मीठागर: नाही हो, 'रेआतार' म्हणजे पुन्हा बांधणे, त्यावरून. 'ला रेआता'चंच पुढे 'लॅरिएट' झालं.

रहाटगाडगं: तुम्ही तिकडे राहता म्हणून तिकडचंच खरं मानणार.

माळरान: रहाटाचं राहू द्या, मोटेचं सांगतो. आमचे आजोबा मोट हाकताना गायचे. बैल धावेवरून उतरले की ते नाड्यावर बसत आणि तान मोठी होई. गाणं थांबलं की बैल रेंगाळत. चुलते शहरात शिकून आले, त्यांनी एकदा ट्रान्झिस्टर लावून ठेवला. बैल हलले नाहीत.

टिपणवही: या लेखातही रात्रीच्या राखणीची गाणी आहेत. दोघे स्वार कळपाभोवती उलटसुलट दिशांनी फेऱ्या घालत संथ गात राहायचे, गुरं बुजून उधळू नयेत म्हणून. संचातली मुलगी लिहिते की त्यांनी ते गाणं नेहमीसारखं जलद वाजवलं आणि सभागृहात कोणीतरी ओरडलं, 'आता सगळी गुरं दरीत!'

मराठीबाणा: हा ओरडणारा गुराखीच.

ऑरेंजसिटी: 'मेळावा' की 'संमेलन'?

मीठागर: संमेलन नको. अध्यक्षपदाचा वाद नसतो तिथे.

मराठीबाणा: विनोद ठीक. पण 'रँच', 'स्टेज', 'बँजो' सगळंच ठेवायचं तर अनुवाद कशाला करता? लिपी बदला फक्त.

माळरान: मग तुम्ही बँजोला मराठी शब्द द्या. आमच्याकडे वरातीत बेंजो पार्टी असते, ते वाद्यच वेगळं. तळटीप लागणारच.

टिपणवही: अरे देवा, ते लक्षातच नव्हतं. वाचकाला वरातीतलाच आठवेल! पण मला आधी 'गुराखी'चं सांगा, संपादकांचा फोन येईल.

रहाटगाडगं: तो रिआटा किती लांब असतो?

मीठागर: साठ फूट सहज, त्याहून लांबही असतात. कच्च्या कातड्याच्या चार-सहा-आठ वाद्या एकात एक विणतात.

माळरान: म्हणजे दहा वाव. पेडी विणायची की पीळ द्यायचा, यावर आमच्याकडे भांडणं होतात. आणि तेल कुठलं लावतात?

मीठागर: तेल नाही, चरबी.

रहाटगाडगं: चरबी? उंदीर नाही लागत?