प्रतिसाद: परदेशच्या पाहुण्याला रानडुक्कर मारता येईल का?

शिराळ्याच्या दादांनी विचारलंय, की टेक्सासचा भाचा दिवाळीला येतोय, तिकडं डुकरं मारतो, मग आपल्या भुईमुगातली का नकोत?

दादा, तिकडचं डुक्कर म्हणजे स्पॅनिश लोकांनी नेलेलं, पुढं मोकाट सुटून रानटी झालेलं. तिथं २०१९ पासून खाजगी रानात मालकानं हो म्हटलं की शिकारीचा परवानाही लागत नाही, बाहेरून आलेल्यालासुद्धा. आपलं रानडुक्कर इथलंच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित, २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत, म्हणजे अनुसूची दोनमध्ये. हौसेची शिकार इथं कुणालाच नाही; पाहुण्याला नाही, पाटलालाही नाही.

पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायचं तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात पाहिजे. ती मिळाली तरी मेलेलं जनावर सरकारजमा. रश्श्याचं विसरा! (भाच्याला एवढंच सांगा, निम्मा उत्साह तिथंच उतरेल.)

आणि फासकी किंवा तारेत करंट, हे तर बोलूच नका. चांदोलीच्या अभयारण्याच्या कडेला आहात, त्यात बिबट्याही अडकतो. आमच्या बांधावर कुणीतरी लावलेल्या फासकीत शेजाऱ्याचं कुत्रं गेलं, रात्रभर केकाटत होतं.

नुकसान झालं की रान न आवरता फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या. भरपाईचा अर्ज त्यावरच चालतो. भाच्याला एक रात्र माळ्यावर राखणीला बसवा, हातात बॅटरी आणि बडवायला पत्र्याचा डबा देऊन.