ब्रिटनमधल्या नोकरीसाठी सीव्ही: केळीच्या पॅकहाऊसमधला अनुभव कसा लिहू?

चोपड्याची लेक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली. फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. केलं, ७२ टक्के मिळाले. नंतर तीन वर्षं रावेर तालुक्यात केळी निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला होते. माझे मिस्टर लेस्टरला नोकरीला आहेत, त्यांच्या डिपेंडंट व्हिसावर मी पुढच्या महिन्यात जातेय. इथूनच चाळीस ठिकाणी सीव्ही पाठवून झाले. एकाचंही उत्तर नाही, 'नको' असंही कुणी कळवलं नाही.

माझा सीव्ही चार पानांचा आहे. पहिल्या पानावर फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित असल्याची नोंद. मग दहावीपासूनचे मार्क. पॅकहाऊसच्या कामाबद्दल दोन ओळी: क्वालिटी कंट्रोलची जबाबदारी, रेकॉर्ड ठेवणे. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र आणि सही. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने हाच नमुना दिला होता.

जळगावला एक जण 'यूके फॉरमॅट' करून द्यायचे ३५ हजार रुपये मागतोय. घरचे म्हणतात देऊन टाक. मला मात्र वाटतं की चूक फॉरमॅटमध्ये नसून दुसरीकडे कुठेतरी आहे. शिवाय सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडली, त्याला १४ महिने झाले. हे लपवू की लिहू?

भुसावळ जंक्शन

ताई, ३५ हजार देऊ नका. इंग्लंडमध्ये नॅशनल करिअर्स सर्व्हिस ही सरकारी सेवा आहे, तिचे सल्लागार फोनवर मोफत मार्गदर्शन करतात. पोहोचल्यावर तिथे बोला. आणि नोकरी शोधून देतो म्हणून कुणी एजन्सी पैसे मागत असेल, तर १९७३च्या कायद्याने ब्रिटनमधल्या एजन्सीला उमेदवाराकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत, हे लक्षात असू द्या.

मी अकरा वर्षं लिंकनशायरमध्ये तयार अन्नाच्या कारखान्यात आहे, गेली पाच वर्षं क्वालिटीच्या भरतीत सीव्ही चाळायचं काम माझ्याकडे येतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, विवाहित की अविवाहित, धर्म, हे सगळं आजच काढा. २०१०च्या समानता कायद्यानुसार वय, धर्म, लग्न, वंश यांवरून उमेदवारात भेदभाव करता येत नाही. सीव्ही वाचणाऱ्याला ही माहिती नकोच असते, ती समोर आली की तो अवघडतो. मी २०१३ साली भुसावळ स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून सीव्ही पाठवला होता, सफारी घातलेल्या फोटोसकट. इथे आल्यावर एका भल्या माणसाने शेजारी बसवून तो फोटो काढायला लावला आणि कारण समजावलं. त्याआधीचे सहा महिने माझे फुकट गेले होते. प्रतिज्ञापत्र आणि सहीचीही इथे पद्धत नाही. दोन पानं, ए-फोर, त्यापुढे कुणी जात नाही.

आता खरं दुखणं. तुमच्या चार पानांत केळी कुठेच दिसत नाहीत! 'जबाबदारी' या शब्दातून तुम्ही काय केलंत ते मला कळत नाही. मी रोज शंभर माणसांची जबाबदारी वाचतो. तुम्ही पॅकहाऊसमध्ये उभ्या राहून काय पाहिलंत? फण्या कापल्यावर चीक धुवायच्या टाकीचं पाणी कधी बदलायचं ते कोण ठरवायचं? कॅलिपरने जाडी कोण मोजायचं? कंटेनर भरताना गराचं तापमान कोण घ्यायचं? कंटेनरच्या दारावरच्या शिक्क्याचा (सीलचा) नंबर कोण टिपायचं? तुम्हीच असणार. मग तेच लिहा. एका रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये तेरा किलोच्या दीड हजारावर पेट्या जातात, आणि केळी साधारण १३ अंशांच्या खाली गेली तर सालीवर करडेपणा येतो. हे ज्याला हाताने माहीत आहे तो माणूस इथल्या फळांच्या गोदामाला हवा असतो. लिंकनशायरमधलं स्पॉल्डिंग हे भाजी आणि फळांच्या पॅकिंगचं मोठं ठिकाण आहे. लेस्टरहून रोज जाण्याइतकं जवळ नाही, पण लेस्टरच्या आसपासही अन्नप्रक्रियेचे कारखाने आहेत. सुपरमार्केटला माल देणारे बरेच कारखाने बीआरसीजीएस हे अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र घेतात. एचएसीसीपी (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत) आणि ट्रेसिबिलिटी (माल कुठून आला, कुठे गेला याचा माग) तुम्ही केलेलीच असेल, ते शब्द जाहिरातीत असतील तर सीव्हीत तसेच्या तसे यायला हवेत. केलं नसेल ते मात्र लिहू नका, मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

प्रत्येक ओळ कृतीने सुरू करा आणि आकड्यावर थांबवा: काय बिघडलं होतं, तुम्ही काय केलं, त्याने काय बदललं. आकडा नसेल तर शोधा, जुनी रजिस्टरं पाहा, सुपरवायझरला फोन करा. सगळ्यात अलीकडचं काम वर, जुनं खाली. दहावी-बारावीला एक ओळ बस. ७२ टक्के तसेच लिहा, त्यापुढे 'इथल्या फर्स्टच्या (पदवीच्या पहिल्या वर्गाच्या) बरोबरीचं' असं स्वतःहून जोडू नका. ब्रिटनमध्ये ७० पासून फर्स्ट आणि ६० ते ६९ अपर सेकंड असं चालतं, पण आपले आणि त्यांचे टक्के थेट जुळत नाहीत. कुणी विचारलंच तर परदेशी पदव्यांची तुलना करणाऱ्या यूके एनिक या संस्थेकडून तुलनापत्र पैसे भरून मिळतं.

दोन शब्द आधी खोडा. 'पासआऊट इन २०१९' असं आपण सर्रास लिहितो, तिथल्या वाचणाऱ्याच्या मनात मात्र बेशुद्ध पडल्याचा अर्थ येतो. त्याऐवजी ग्रॅज्युएटेड लिहा. 'फ्रेशर' म्हणजे तिकडे विद्यापीठात नुकताच दाखल झालेला मुलगा. लाखाचा आकडाही नको, हजारांत मांडा. वर्डमध्ये भाषा यूके इंग्लिश करून स्पेलिंग तपासून घ्या.

१४ महिने लपवू नका. दोन तारखांमधली मोकळी जागा वाचणाऱ्याच्या मनात नको तो प्रश्न उभा करते. 'कुटुंबातील आजारपणाची देखभाल, इथपासून इथपर्यंत' एवढी एक ओळ लिहा, आजाराचं नाव नको.

आणि सर्वांत वर, नावाखालीच लिहा की डिपेंडंट व्हिसामुळे ब्रिटनमध्ये काम करायची मुभा आहे, स्पॉन्सरशिप लागत नाही. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी, म्हणजे कंपनी परदेशी माणसाला स्पॉन्सर करते त्या व्हिसासाठी, पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. भारतातला पत्ता आणि फोन दिसला की कंपनीला वाटतं हिलाही स्पॉन्सर करावं लागणार, आणि ती पुढे वाचत नाही. तुमच्या चाळीसपैकी किती अर्ज इथेच थांबले असतील याची मला चिंता वाटते.

धुळ्याची सिस्टर

दादांचं बरोबर आहे, त्यात एक भर घालते. मी एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे. सरकारी रुग्णालयात अर्ज करताना सीव्ही जवळजवळ उपयोगाचा नसतो. तिथे ऑनलाइन फॉर्म असतो आणि त्यात 'सपोर्टिंग इन्फर्मेशन' म्हणून मोठी मोकळी जागा असते. जाहिरातीसोबत पर्सन स्पेसिफिकेशन नावाचा कागद येतो, त्यात आवश्यक आणि इष्ट असे गुण लिहिलेले असतात. निवड करणारे तो कागद पुढ्यात ठेवून एकेका मुद्द्याला गुण देतात, तेव्हा त्यांना तुमचं नावही दिसत नाही. मी पहिल्या वेळी माझा सीव्ही तिथे चिकटवून दिला होता, उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी प्रत्येक आवश्यक मुद्द्याखाली माझ्या वॉर्डातला एक प्रसंग लिहिला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. नगरपालिका आणि विद्यापीठांच्या नोकऱ्यांनाही बऱ्याचदा फॉर्मच असतो. म्हणून आधी जाहिरात शेवटपर्यंत वाचा. सीव्ही मागितला नसेल तर पाठवू नका.

चोपड्याची लेक

दोघांचे मनापासून आभार. दादा, तुमचं वाचून रात्री आईजवळ बसून आठवत गेले. आई म्हणाली, बठ्ठं (सगळं) लिहू नको, जे तुला पाठ आहे तेच लिही. मग सुपरवायझर भाऊंना फोन केला, त्यांनी जुन्या वह्या काढल्या. हे तयार झालंय, बघाल का?

'चिकाच्या डागामुळे परत येणाऱ्या पेट्या शंभरात सहा होत्या. टाकीचं पाणी दर पाळीला बदलायचा आणि तुरटीचं प्रमाण तपासायचा तक्ता तयार केला. सहा महिन्यांत शंभरात दोनवर आल्या.'

'आखातात जाणाऱ्या ९० हून अधिक कंटेनरची भरणीआधीची तपासणी केली. गराचं तापमान, पेटीचं वजन आणि शिक्क्याचा नंबर नोंदवला.'

'१८ महिला कामगारांना फणी कापणं आणि कॅलिपर वापरणं मराठी आणि अहिराणीत शिकवलं.'

तिसरी ओळ ठेवू का? इंग्लंडमध्ये अहिराणीचं काय?

भुसावळ जंक्शन

ठेवा, नक्की ठेवा. माझ्या कारखान्यात एका पाळीत पाच-सहा भाषा बोलणारी माणसं असतात, आणि त्यांना स्वच्छतेचे नियम समजावणारा माणूस मिळत नाही. फक्त अहिराणी म्हणजे काय ते वाचणाऱ्याला कळणार नाही, म्हणून 'कामगारांच्या दोन मातृभाषांत' असं लिहा. पहिली ओळ सगळ्यात वर घ्या. मुलाखतीत त्यावरच विचारतील: पाणी आधी किती वेळाने बदलायचे, तुमच्या लक्षात कसं आलं, मालक खर्चाला नाही म्हणाले का? भाऊंकडून त्या वहीच्या पानांचा फोटो मागवून घ्या आणि जवळ ठेवा. तिथला सिम घेतला की सीव्हीवरचा नंबर त्याच दिवशी बदला.