मदत हवी आहे : विभागातल्या संगणक खरेदीची नियमावली

नमस्कार मंडळी,

आमच्या विद्यापीठ विभागात संगणक आणि नेटवर्कला जोडायची उपकरणं घेण्यासाठी नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलंय. संगणकांचं त्या मानानं सोपं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा नवं मशीन विंडोज ११ चालवणारं, म्हणजे टीपीएम २.० (त्यासाठी लागणारी सुरक्षा चिप) असलेलंच घ्यायचं, एवढं पक्कं केलंय.

खरी काळजी बाकीच्या वस्तूंची वाटते. प्रिंटर, कॅमेरे, नॅस (नेटवर्कवरून फायली साठवायचं उपकरण), प्रयोगशाळेतली यंत्रं. मागे कुणीतरी अनुदानातून घेतलेला राउटर परस्पर भिंतीतल्या पोर्टला जोडला. तो स्वतःच बाकीच्या संगणकांना चुकीचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांक) वाटू लागला आणि अख्ख्या मजल्याचं नेटवर्क बंद पडलं! विद्यार्थ्यांचं काम अडलं, याचं फार वाईट वाटलं.

म्हणून विचारतो : ऑर्डर देण्याआधी आयटी विभागाची मंजुरी सक्तीची करावी का? संशोधनाची घाई असलेल्या प्राध्यापकांना ते जाचक होईल का? फर्मवेअरचे (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट किती वर्षं मिळणार, हे विक्रेत्याकडून लेखी कसं घेता? आणि यंत्रासोबत आलेला, अपडेट करता न येणारा जुना संगणक वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) ठेवणं पुरेसं आहे का?

तुमच्याकडच्या नियमांचा मसुदा मिळाला तर फार मदत होईल.