मदत हवी आहे: डेथ व्हॅलीतली फॉल कॅन्यन, एकट्याने
मंडळी, जानेवारीत एका दिवसासाठी अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटातल्या फॉल कॅन्यन नावाच्या घळीत एकटाच जातोय. साधारण 3 मैलांवर कोरडा धबधबा (पाणी नसलेला उभा कातळटप्पा) वाट अडवतो; थोडं मागे येऊन दक्षिणेकडच्या कड्यावरून वळसा घ्यावा लागतो. खरी अरुंद घळ त्याच्या पुढेच, म्हणून तिथवर जायचंच आहे.

भीती उतरण्याची वाटते. गेल्या वर्षी अशाच घळीत पकडलेला दगड दातासारखा निखळून हातात आला. चढलो होतो, पण उतरताना पाऊण तास अडकलो. सह्याद्रीच्या कातळाची सवय इथे उपयोगी पडत नाही.

त्या वळशावरून कोणी एकट्याने उतरलंय का? दोर लागतो का? फोनला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) घेतोय. पाणी 4 लिटर पुरेल ना?